कानावरचा भार मोजणारे घड्याळ

आम्ही हिंगोलीत कापडाचा व्यापार करतो. खरेदीसाठी मालेगावला नेहमी जाणे होते. तेथील यंत्रमागाच्या कारखान्यात पाऊल टाकले की शेजारच्याचे बोलणे कळत नाही. भाव ठरवायचा तर बाहेर यावे लागते. आम्ही अर्ध्या तासात बाहेर येतो, कारागीर मात्र बारा तासांची पाळी आतच काढतो. आमच्या ओळखीचे एक बुजुर्ग कारागीर आता नातवंडांचे बोलणे तीनतीनदा विचारून घेतात. लोक म्हणतात, वय झाले. त्यांनी तीस वर्षे मागावर काढली, हे कोणी हिशेबात धरीत नाही.

मागच्या खेपेस आमचा भाचा सोबत होता. कारखान्यात त्याने हात पुढे केला आणि खुणेने घड्याळ दाखवले. त्यावर ९८ हा आकडा होता आणि आवाज कानास धोक्याचा असल्याची सूचना आली होती. तेव्हापासून आम्ही या गोष्टीची माहिती घेतली. ती कारागीर व कारखानदार बांधवांच्या उपयोगाची आहे.

आवाजाचा हिशेब

आवाज डेसिबलमध्ये मोजतात. साधे बोलणे सुमारे ६० डेसिबल असते. यंत्रमागाचा आवाज ९० च्या वर, पुष्कळदा १०० च्या आसपास जातो. हे माप किलो-मीटरसारखे सरळ चालत नाही. ३ डेसिबल वाढले की आवाजाची ताकद दुप्पट होते. म्हणून आवाज किती आणि तो किती वेळ कानावर पडला, हे दोन्ही पाहावे लागते. १९४८ च्या कारखाना कायद्याखालील नमुना नियमांत ९० डेसिबलला ८ तास, ९५ ला ४ तास आणि १०० ला फक्त २ तास अशी मर्यादा घातली होती. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला याहून कडक आहे. ८० डेसिबलचा आवाज आठवड्यात ४० तास ठीक, १०० चा मात्र अवघी २० मिनिटे. बारा तासांच्या पाळीशी हे आकडे ताडून पाहावेत.

कानाच्या आत शंखासारख्या नळीत केसांसारख्या सूक्ष्म पेशी असतात. मोठ्या आवाजाने त्या मरतात आणि पुन्हा उगवत नाहीत. दुखत नाही, म्हणून पत्ताही लागत नाही. आधी उंच पट्टीचे आवाज जातात. मग माणसाला बोलणे ऐकू येते, पण शब्द उमगत नाहीत. पाळी संपल्यावर कानात शिट्टी वाजत राहिली तर ती धोक्याची खूण समजावी.

मोजावे कशाने?

खरे साधन म्हणजे डोसीमीटर. हे छोटे यंत्र खांद्यावर, कानाजवळ लावतात. पूर्ण पाळीत कानावर किती भार पडला याचा ते हिशेब ठेवते. अ‍ॅपल कंपनीच्या घड्याळात २०१९ पासून आवाज मोजण्याची सोय आहे. आवाज ठरलेल्या मर्यादेवर राहिला तर ते मनगटावर सूचना देते. बोलणे त्यात साठवले जात नाही, असे कंपनी सांगते. बाहीखाली झाकले तर आकडा चुकतो. ठोके मोजणारे प्रत्येक घड्याळ आवाज मोजतेच असे नाही, तेव्हा घेण्यापूर्वी विचारावे. मोबाइलवरही आवाज मोजता येतो, पण तो आकडा अंदाजाचा मानावा.

काहीच जवळ नसेल तर एक साधी पारख आहे. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागले तर आवाज ८५ च्या वर आहे असे समजावे. ही पारख हिंगोलीतही लागू आहे. पिठाची गिरणी, डाळ मिल, जिनिंग, हळद पॉलिशचा ढोल, लाकडाचे कटर, लोखंडाचा ग्राइंडर चालवणाऱ्यांनी ती करून पाहावी.

इलाज कोणता?

घड्याळ फक्त सांगते, वाचवत नाही. वाचवतो तो कानातला फोमचा बोळा. साध्या कापसाने काम होत नाही. हात स्वच्छ धुऊन बोळा बोटांनी वळून बारीक करावा, कान वर व मागे ओढून तो आत सरकवावा आणि फुगेपर्यंत धरून ठेवावा. पाकिटावर लिहिलेल्या संरक्षणापैकी निम्मेच हाती येते असे धरावे. तरीही १०० चा आवाज ८५ च्या आसपास उतरतो. त्यासोबत पाळीत मधूनमधून बाहेर उसंत द्यावी आणि मागाचे सैल भाग, तेलपाणी वेळेवर पाहावे.

वर्षातून एकदा कान तपासून घ्यावेत. त्यासाठी आधी जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. मुंबईत बांद्र्याला, महाराष्ट्राचे राज्यपाल राहिलेल्या अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था १९८३ पासून याच कामासाठी आहे.

प्रत्येक कारागिराला महाग घड्याळ घेणे परवडणार नाही, आणि त्याची गरजही नाही. एका कारखान्यात एकदा नीट मोजले तरी कोणत्या कोपऱ्यात किती वेळ थांबावे, हे सर्वांना कळते. बोळ्यांचा खर्च कारखानदाराने उचलावा.

ताग्यात हातभर कापड कमी निघाले तर आम्ही व्यापारी दुसऱ्याच दिवशी तक्रार करतो. तो तागा विणणाऱ्याचा कान रोज थोडाथोडा कमी होतो, त्याची मोजदाद कोणी करीत नाही. पुढच्या खरेदीला गेल्यावर भावासोबत हेही विचारायचे, असे आम्ही ठरवले आहे. व्यापारी बांधवांनीही विचारावे.