शिळ्या पावाचा मान

मोठ्या हॉटेलच्या कार्डावर ‘इटालियन मीटबॉल्स’ असे नाव दिसले की हा बड्यांचा पदार्थ असावा, असे आपल्याला वाटते. पांढरी बशी, लाल रस, वर किसलेले चीज आणि शेवटी खिसा रिकामा करणारे बिल! परंतु या पदार्थाला मोल दिले ते गरिबांच्या चुलीने. उरलेल्या मांसाने आणि शिळ्या पावाने. हा इतिहास हॉटेलात कोणी वाढत नाही, म्हणून तो आम्ही येथे वाढत आहोत.

इटलीत या गोळ्यांना ‘पोल्पेत्ते’ म्हणतात. पेल्लेग्रिनो आर्तुसी या गृहस्थाने १८९१ साली इटालियन स्वयंपाकाचा प्रसिद्ध ग्रंथ काढला. त्यात पोल्पेत्तेविषयी तो थट्टेच्या सुरात लिहितो. हे तर कोणालाही येते, शिकवायचे ते काय, असा त्याचा भाव! कृती देतो तीही उरलेल्या उकडलेल्या मांसाची.

त्याच १८९१च्या मार्च महिन्यात अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहरात जमावाने ११ इटालियनांना ठार मारले. १८८० ते १९२० या काळात सुमारे ४० लाख इटालियन अमेरिकेत गेले. त्यांत बहुसंख्य दक्षिण इटलीतील गरीब, भूमिहीन माणसे होती. त्यांच्या कातडीच्या रंगाची, भाषेची, एवढेच काय, लसणाच्या वासाचीही हेटाळणी झाली. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात शिकत होते, तेव्हा न्यूयॉर्कच्या त्याच मॅनहॅटन बेटावर, ईस्ट हार्लेममध्ये, या कष्टकऱ्यांची मोठी वस्ती होती. गावाकडे ज्यांना मांस सणासुदीलाच दिसे, त्यांना येथे मजुरीच्या पैशात ते वरचेवर घेता येऊ लागले. मग गोळा मोठा झाला आणि स्पॅगेटीच्या ढिगावर जाऊन बसला. आज जग ज्याला इटालियन समजते, ते ताट अशा रीतीने स्थलांतरित मजुरांच्या घरी तयार झाले.

आता कृती. इटलीत गाय, वासरू किंवा डुक्कर यांचे मांस वापरतात. महाराष्ट्रात २०१५पासून गाईबरोबरच बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आहे. कोणी काय खावे हे दुसऱ्याने ठरवावे काय, हा प्रश्न आम्ही सोडलेला नाही. परंतु आज मटणाचा किंवा कोंबडीचा खिमा घ्यावा. अर्धा किलो खिम्याला दोन शिळे पाव दुधात भिजवून हलके पिळून घ्यावेत. त्यात एक अंडे, सुमारे ५० ग्रॅम किसलेले खारट चीज, चार पाकळ्या ठेचलेला लसूण, मिरपूड, लहान चमचाभर मीठ आणि चिरलेली कोथिंबीर घालावी. इटलीत कोथिंबिरीऐवजी पार्सली असते.

पाव घातला म्हणजे मांसात भेसळ केली, असे कोणी समजू नये. भिजलेला पाव ओल धरून ठेवतो, मांसाला घट्ट आवळू देत नाही, म्हणून गोळा मऊ राहतो. पाव न घातलेला गोळा चेंडूसारखा कडक होतो! गरिबाने मांस पुरवण्यासाठी जे केले, तेच चवीचे शास्त्र ठरले. पावशेर मटणात घरभर रस्सा पुरवणाऱ्या आमच्या मायमाऊल्यांना हे गणित कोणी शिकवावे लागत नाही.

मिश्रण कणकेसारखे मळू नये. एकजीव झाले की थांबावे. ओल्या हाताने लिंबाएवढे गोळे वळावेत, अठरा-वीस होतात. तेलात सर्व बाजूंनी तांबूस करून, टोमॅटो-लसणाच्या रसात मंद आंचेवर अर्धा तास शिजवावेत. एक गोळा फोडून पाहावा. आत कच्चेपणा राहता कामा नये.

इटलीत बहुतेक ठिकाणी पास्ता आधी आणि गोळे नंतर, वेगळ्या ताटलीत वाढतात. आब्रुझ्झो प्रांतात मात्र पास्त्यात बोराएवढे बारीक गोळे घालतात. आपण पावाबरोबर खाल्ले तरी काही बिघडत नाही. शेवटी रस पुसायला पाव हवाच!

साठवणुकीत मात्र हयगय नको. मांसाच्या तुकड्यावरचे जंतू खिमा करताना आतपर्यंत मिसळतात. म्हणून कच्चा खिमा फ्रिजमध्येही एक-दोन दिवसांपलीकडे ठेवू नये. शिजलेले गोळे दोन तासांच्या आत, विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तर तासाभरातच, फ्रिजमध्ये जावेत. तेथे ते तीन-चार दिवस टिकतात. जास्त दिवस ठेवायचे तर आधी ताटात सुटे सुटे गोठवावेत, मग पिशवीत भरून बर्फाच्या कप्प्यात ठेवावेत. दोन-तीन महिने चव राहते. खाण्याआधी रस उकळेपर्यंत गरम करावा. फ्रिज नसेल, तर त्याच दिवशी संपवावेत. शेजारी कशासाठी आहेत?

वाचकहो, ज्यांच्या अन्नाला कालपर्यंत नाके मुरडली, त्यांचेच अन्न आज काचेच्या दारामागे महाग विकले जाते. अन्नाला मान मिळाला, याचा आनंद आहेच. पण ते ज्या हातांनी रांधले, त्या हातांना तो मान मिळाला का, हे विचारल्याशिवाय घास तोंडात घालू नये.