विश्लेषण : जामठ्यात जडेजाला दंड का झाला होता? फिरकीपटूंच्या बोटांना घट्टे का पडतात, ते कसे सांभाळायचे?

नागपूरच्या जामठा स्टेडियमवर ९ फेब्रुवारी २०२३ रोजी रवींद्र जडेजाने ऑस्ट्रेलियाचे पाच गडी बाद केले. चर्चा मात्र रंगली एका व्हिडिओची. मोहम्मद सिराजच्या तळहातावरून काहीतरी घेऊन जडेजा डाव्या हाताच्या तर्जनीला चोळताना त्यात दिसत होता. चेंडूशी छेडछाड केली की काय, असा संशय घेतला गेला. प्रत्यक्षात ते सुजलेल्या बोटाला लावायचे मलम होते. तरीही सामना मानधनाच्या २५ टक्के दंड आणि एक डिमेरिट गुण अशी शिक्षा झालीच.

मलमासाठी दंड कसा?

दंड मलमासाठी नव्हता, मैदानावरील पंचांना न विचारता ते लावल्याबद्दल होता. आयसीसी आचारसंहितेच्या कलम २.२० नुसार ही कारवाई झाली. मलम केवळ उपचारासाठी होते, चेंडूची स्थिती बदललेली नाही, हे सामनाधिकारी अँडी पायक्रॉफ्ट यांनी मान्य केले. त्यामुळे पाच धावांचा दंड किंवा चेंडू बदलणे हे प्रकार टळले. त्यानंतर चारच महिन्यांनी इंग्लंडचा मोईन अली एजबॅस्टनला याच कलमात अडकला. त्याने चेंडू टाकण्याच्या हातावर तो कोरडा ठेवणारा स्प्रे मारला होता. शिक्षा अगदी तीच!

घट्टा नेमका का पडतो?

फिंगर स्पिनर चेंडूला फिरकी देतो ती मुख्यतः तर्जनीने. शिवण दर चेंडूला बोटाच्या त्याच जागी घासते आणि एका दिवसात हे शंभर-सव्वाशे वेळा होऊ शकते. भारतातील कसोटीत वापरल्या जाणाऱ्या एसजी चेंडूची शिवण हाताने घातलेली आणि उठावदार असते. मनगटी फिरकीपटूची अनामिका घासते, तर वेगवान गोलंदाजाच्या अंगठ्याची कड चेंडूखाली टेकत असल्याने तिथे कातडी जाड होते.

दाब आणि घर्षण हळूहळू वाढत गेले, तर त्वचा वरचा थर जाड करून घेते. हाच घट्टा. कुदळ चालवणाऱ्याच्या हातालाही तो असतोच. मात्र भार एकदम वाढला तर त्वचेचे थर एकमेकांपासून सुटतात, मध्ये पाणी भरते आणि फोड येतो. म्हणजे घट्टा हे गोलंदाजाचे कवच आहे, ते पूर्ण काढून टाकणे हा उपचार नव्हे.

मग त्रास कधी होतो?

दोन वेळा. एक, मोठी विश्रांती घेतल्यावर. सराव थांबला की कातडी पुन्हा मऊ पडते. मोईन कसोटीतील निवृत्ती मागे घेऊन पावणेदोन वर्षांनी परतला होता आणि पहिल्याच सामन्यात त्याच्या तर्जनीची कातडी सोलवटली. दुसरे, घट्टा प्रमाणाबाहेर जाड झाल्यावर. जाड कातडी लवचिक नसते, ती चिरते किंवा थेट उचकटते. २०१७ मध्ये बंगळुरूत ५० धावांत ८ बळी घेणाऱ्या नॅथन लायनच्या बोटाचा घट्टा असाच फाटला होता.

काय करावे?

सुट्टीनंतर नेटमध्ये षटके टप्प्याटप्प्याने वाढवावीत. पहिल्याच दिवशी वीस षटके टाकण्याचा उत्साह नडतो. घाम पुसत राहावे, कारण ओलसर कातडी जास्त घासली जाते. उलट नागपूरच्या कोरड्या हवेत कातडीला भेगा पडतात. म्हणून रात्री युरियायुक्त क्रीम लावावे, सामन्याआधी मात्र नको. आठवड्यातून एक-दोनदा बोट कोमट पाण्यात दहा मिनिटे भिजवून वजरीने घट्टा हलकेच घासावा, तोही फक्त उंचवटा कमी होईपर्यंत. ब्लेडने कापणे सर्वांत वाईट. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या कॉर्न कॅपमधील सॅलिसिलिक अॅसिड आजूबाजूची चांगली कातडीही जाळते.

फोड आलाच तर फोडू नये. आपोआप फुटला तर वरची कातडी ओढून न काढता साबण-पाण्याने धुऊन पट्टी बांधावी आणि जखम भरेपर्यंत चेंडू हातात घेऊ नये. लाली पसरली, पू झाला किंवा मधुमेह असेल तर घरगुती उपाय न करता त्वचारोगतज्ज्ञ गाठावा.

आणि पट्टी बांधून क्षेत्ररक्षण करायचे असेल, तर नियम २८ नुसार त्यासाठीही पंचांची संमती लागते.