दया कोणाच्या दारी जाते?

दया आणि न्याय यांतला फरक आज आपण एका उदाहरणावरून तपासू.

दक्षिण झांबियात चिकनकाटा इथं साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती संप्रदायाचं रुग्णालय आहे. भोवताली टोंगा समाजाची गरीब शेतकरी वस्ती. १९८०च्या दशकात तिथं एड्सचे रुग्ण येऊ लागले. एचआयव्हीला आवर घालणारी औषधं तिथं पोचायला तेव्हा बरीच वर्षं होती. मग करायचं काय? आपल्याला सुचणारी रीत सोपी आहे: वेगळा वॉर्ड काढायचा आणि शेवटपर्यंत शुश्रूषा करायची. हेतू चांगलाच, पण वेगळं काढलेला माणूस गावाच्या लेखी जिवंतपणीच गेलेला असतो, हे आपण विसरतो.

रुग्णालयानं १९८७च्या सुमारास उलटी वाट धरली. परिचारिका आणि समुपदेशक गाडी घेऊन रुग्णाच्या घरी जाऊ लागले. दुखणं हलकं करायचं, घरच्यांना शुश्रूषा शिकवायची. आता पाहा, घरी गेलं की शेजारीपाजारी जमणारच, चार प्रश्न विचारणारच. म्हणजे एकाचं दुखणं गावाच्या चर्चेचा विषय झालं. सेवकही मग सांगण्याऐवजी ऐकू लागले.

या चर्चेतून काय निघालं? नवरा वारला की त्याच्या आत्म्यापासून विधवेची सुटका व्हावी म्हणून त्याच्या नातेवाइकानं तिच्याशी शरीरसंबंध ठेवायचा, असा तिथं विधी होता. त्यातून संसर्ग पसरे. बाहेरच्यांनी ‘हे पाप आहे’ म्हणून दटावलं असतं, तर तो बहुधा लपूनछपून चालूच राहिला असता. पण प्रश्न गावानंच हाती घेतला आणि प्रमुखांनी, वडीलधाऱ्यांनी शरीरसंबंधाविना होणारे पर्यायी विधी स्वीकारले.

सगळीच चर्च अशी वागली, असं नाही. एड्स ही पापाची शिक्षा आहे, असं सांगणारी प्रवचनंही झालीच. त्या वातावरणात १९९२ साली युगांडातले अँग्लिकन धर्मगुरू गिडियन ब्यामुगिशा यांनी आपल्याला एचआयव्ही असल्याचं जाहीर केलं. ‘आपण देणारे, ते घेणारे’ ही विभागणी मग टिकेल कशी?

तेव्हा, मदत किती दिली एवढंच मोजून आपलं भागत नाही. घेणाऱ्याला बोलायला, ठरवायला जागा उरली का, हेही विचारावं लागतं. जिथं ती उरते, तिथं दया न्यायाच्या जवळ जाते. जिथं उरत नाही, तिथं पोट भरतं, पण माणूस वॉर्डातच राहतो. आपण करतो ती मदत यांपैकी कोणती, यावर आता बोलू.