हरिहरेश्वराची सागरप्रदक्षिणा

असोद्यासारख्या तापीच्या खोऱ्यांतील गांवीं राहणाऱ्या आम्हां खानदेशवासीयांस समुद्रदर्शन क्वचितच घडतें. रायगड जिल्ह्यांतील हरिहरेश्वरास जाणारीं आमच्याकडील कुटुंबें तेथील प्रदक्षिणेच्या वाटेकडे केवळ धर्मकृत्य म्हणून पाहतात. सृष्टीच्या रचनेचा पाठ म्हणूनहि तिजकडे पाहावें, असें आम्हांस वाटतें.

सावित्री नदी समुद्रास मिळते, तेथें हें क्षेत्र आहे. देवळांमागून वाट टेकडीवर चढते आणि दोन कड्यांमधील अरुंद खिंडींतून पायऱ्यांनीं समुद्रावर उतरते. पुढें एका अंगास उभा कडा व दुसऱ्या अंगास फेसाळणाऱ्या लाटा, अशा खडकाळ पट्टीवरून देवळाशीं परत यावयाचें.

हा काळा पाषाण अग्निजन्य होय. सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीं भूगर्भांतून उसळलेल्या लाव्हारसाचे थर एकावर एक थिजून तो बनला. अजिंठ्याचीं लेणीं ह्याच जातीच्या पाषाणांत कोरलेलीं आहेत, व आपली कपाशीची काळी जमीनहि त्याच्याच झिजेची आहे. आपल्याकडे त्याची माती झाली. येथें समुद्रानें त्याचें शिल्प केलें. लाटांनीं कड्याचा पायथा कापीत नेल्यामुळें सपाट खडकाचा ओटा उरला. चालावयाची वाट ती हीच. कड्यावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखीं असंख्य भोंकें दिसतात. तीं मनुष्यानें कोरलेलीं नव्हेत. तुषारांचें खारें पाणी खडकाच्या छिद्रांत शिरून उन्हानें आटतें, आणि मिठाचे स्फटिक वाढतांना भोंवतालचे कण सुटे करितात.

परंतु ज्या समुद्रानें ही वाट घडविली, तोच भरतीच्या वेळीं ती गिळतो. लाटांनीं येथें माणसें ओढून नेल्याचे प्रसंग घडले आहेत. यासाठीं घरच्या पंचांगाचा उपयोग करावा. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली असतां कोंकणकिनाऱ्यावरील पूर्ण भरतीची अदमासें वेळ निघते: चतुर्थीस तीन, अष्टमीस सहा, पौर्णिमेस सव्वाअकरा. कृष्णपक्षांतहि प्रतिपदेपासून हाच हिशेब. तेथून सुमारें सहा तासांनीं पूर्ण ओहोटी. अर्थात् अष्टमीस माध्यान्हीं वाट मोकळी असते. पौर्णिमेस त्याच वेळीं निघणें म्हणजे उधाणाच्या तोंडीं जाणें होय. हा हिशेब स्थूल आहे. खिंड उतरण्यापूर्वीं गांवकऱ्यांस अवश्य विचारावें, आणि पावसाळ्यांत तर ही वाट टाळावीच.

संकल्प केला आहे म्हणून वडील मंडळींनीं हट्ट धरूं नये. त्यांच्या पाठोपाठ घरांतील मुलें पायऱ्या उतरतात. देवळाभोंवती घातलेली प्रदक्षिणाहि देवास पोंचते.