येझदीचा सायलेन्सर: ऐकीव सल्ले आणि वस्तुस्थिती

हुबळी-धारवाडमध्ये जुनी येझदी बाळगणाऱ्यांचा विषय निघाला की तो थोड्याच वेळात सायलेन्सरवर येतो. म्हैसूरच्या यादवगिरीतल्या आयडियल जावा कारखान्यात 1961 पासून या गाड्या बनू लागल्या, 1973 पासून त्यांना येझदी हे नाव मिळालं आणि 1996 मध्ये कारखाना बंद पडला. म्हणजे त्या कारखान्यातली शेवटची गाडीसुद्धा आता पंचविशी ओलांडून गेली आहे. मालकांनी पाना हातात घेऊन दुरुस्ती स्वतः करावी, यासारखी चांगली सवय नाही. मात्र सायलेन्सरबद्दलचे काही ऐकीव सल्ले गाडीचं नुकसान करतात आणि माणसाचंही.

पहिला आणि सर्वांत पसरलेला सल्ला: "आतली जाळी काढून टाक, गाडी मोकळी पळेल." या एका वाक्याने येझदीचं जेवढं वाटोळं होतं तेवढं दुसऱ्या कशाने होत नसेल. येझदी टू-स्ट्रोक आहे. तिच्या सिलिंडरला झडपा नाहीत. पिस्टन खाली येतो तेव्हा धूर बाहेर जाण्याची वाट आणि ताजं मिश्रण आत येण्याची वाट काही क्षण एकाच वेळी उघडी असतात. त्या क्षणी थोडं ताजं पेट्रोल धुराच्या मागोमाग बाहेर निसटू पाहतं. त्याला रोखण्याचं काम सायलेन्सर करतो. धुराबरोबर निघालेली दाबाची लाट पाइपातून मागे जाते, निमुळत्या टोकाशी आणि जाळीशी आपटून परतते आणि वेळेवर पोचली तर निसटणारं मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. जाळी काढली की हा मेळ बिघडतो. आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटतो, पण हुबळीहून धारवाडच्या चढाला लागलात की ओढ कुठे गेली ते कळतं, आणि पेट्रोलही जास्त लागतं.

पाइपातल्या या लाटांवर पूर्व जर्मनीत एमझेड कंपनीचे अभियंते वाल्टर काडेन यांनी 1950च्या दशकात अफाट काम केलं. 1961 मध्ये त्यांच्या 125 सीसी इंजिनाने 25 अश्वशक्ती गाठली होती. त्याच वर्षी त्यांचा शर्यतपटू अर्न्स्ट डेग्नर स्वीडनमधल्या शर्यतीच्या वेळी पश्चिमेकडे पळाला, त्याच्याबरोबर ही विद्या सुझुकीकडे गेली आणि 1962 मध्ये सुझुकीने 50 सीसी गटाचं विश्वविजेतेपद मिळवलं. हे सगळं पाइपाची लांबी, फुगवटा आणि निमुळतेपणा यांच्या हिशेबातून आलं, पाइप मोकळा करण्यातून नव्हे.

"इंजिनाला मागचा दाब लागतोच" हे वाक्यही सगळ्या गाड्यांना सरसकट लावलं जातं. प्रीमियर पद्मिनीसारख्या फोर-स्ट्रोक मोटारीला मागचा दाब नकोच असतो. तिला धुराचा वेग टिकवणारा योग्य जाडीचा पाइप लागतो. म्हणून तिथे गरजेपेक्षा रुंद पाइप घातला तरी कमी वेगातली ओढ घटते. येझदीला हवी असते ती नेमक्या वेळी परतणारी लाट. दोन्हींचं औषध एक नाही.

येझदीचे दोन सायलेन्सर पाहून तिला दोन सिलिंडर आहेत असं समजणारेही भेटतात. बहुतेक येझदींत सिलिंडर एकच आहे, बाहेर जाणाऱ्या वाटा दोन.

बाजारातला वेगळा सायलेन्सर बसवायचाच असेल, तर कार्बोरेटरचा जेट तपासल्याशिवाय गाडी ताणू नका. धूर सहज बाहेर जाऊ लागला की मिश्रणात पेट्रोल कमी पडू शकतं. अशा वेळी पिस्टन तापतो आणि गाडी धावता धावता जाम होते. प्लग काढून बघा. टोक कॉफीच्या रंगाचं असेल तर ठीक, पांढरट असेल तर थांबा.

आता गंजाकडे. "पावसाने सायलेन्सर सडला" हे अर्धंच खरं आहे. तो बराचसा आतून सडतो. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं आणि ते वाफ होऊन बाहेर पडतं. केश्वापूरहून दुर्गदबैलपर्यंतच गाडी फिरली तर पाइप पुरता तापतच नाही, वाफ आतच थिजते आणि पत्रा खात बसते. धारवाडपर्यंतची वीसेक किलोमीटरची फेरी त्याला वाळवते. पडलेल्या भोकावर एम-सील लावणं म्हणजे पैसे आणि वेळ वाया, कारण ते तेवढ्या उष्णतेसाठी बनलेलंच नाही. सायलेन्सर उतरवून, आतलं तेल आणि कार्बन साफ करून, साध्या पत्र्याचं ठिगळ वेल्ड करून घ्या. ठिगळ जस्ताच्या पत्र्याचं नको, वेल्डिंगच्या वेळी जस्ताच्या धुराने ताप भरतो. जोडाजवळचा क्रोमही आधी काढावा, कारण त्याचाही धूर विषारी असतो.

कार्बन काढायला अख्खा सायलेन्सर जाळात टाकायची पद्धत आहे. त्याने क्रोम कायमचा निळा-पिवळा पडतो. जाळायची तर सुटी केलेली जाळी जाळा. सायलेन्सरला कॉस्टिक सोड्याचं पाणी चालतं, पण सोडा पाण्यात हळूहळू टाकायचा, सोड्यावर पाणी कधीच ओतायचं नाही. हातमोजे आणि चष्मा हवाच, आणि अॅल्युमिनियमचा कुठलाही भाग त्यात बुडवायचा नाही. सोडा तो खातो आणि हायड्रोजन सुटतो. जुन्या पॅकिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं. ते कोरडं घासू नका, ओलं करून काढा.

निळा धूर दिसला की "रिंगा गेल्या" असा निकाल दिला जातो. टू-स्ट्रोकमध्ये तेल पेट्रोलबरोबर जळतंच. धूर अचानक वाढला आणि गिअरबॉक्समधलं तेलही उतरत असेल, तर आधी क्रँकच्या ऑइल सीलकडे बघा. रिंगांवर खर्च करून तो धूर थांबणार नाही.

"जुन्या गाडीला कायदा लागत नाही" हा समज महागात पडतो. केंद्रीय मोटार वाहन नियम 120 प्रमाणे सायलेन्सर सक्तीचा आहे. 31 मार्च 2000 पर्यंत बनलेल्या दुचाकींच्या पीयूसीत कार्बन मोनॉक्साइड 4.5 टक्क्यांच्या आत लागतो. आवाजाचे निकष मोडल्यास 2019च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला कायद्यात 10,000 रुपयांपर्यंत दंड किंवा 3 महिन्यांपर्यंत कैद आहे. पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी 2021 मध्ये व्हिंटेज नोंदणी आली, पण ती रोजच्या वापरासाठी नाही.

तो 4.5 टक्क्यांचा आकडा आणखी एका कारणासाठी लक्षात ठेवा. हवेत त्याचा दहावा भाग कार्बन मोनॉक्साइड असला तरी माणूस अर्ध्या-पाऊण तासात दगावू शकतो, आणि त्याला वास नसतो. शटर ओढून किंवा घराच्या बंद पडवीत गाडी चालू करून जोड तपासू नका. गाडी अंगणात ढकला, साबणाचं पाणी थंड जोडावर लावा, किक मारा आणि बुडबुडे कुठे येतात ते बघा. गाडी एकदा गरम होऊन निवली की सिलिंडरजवळचे दोन्ही मोठे नट हुक पान्याने पुन्हा आवळा. छिन्नी-हातोडा लावलात तर आटे जातील.