बी.बी. किंग

बी.बी. किंग (मूळ नाव: रायली बी. किंग, जन्म: १६ सप्टेंबर, १९२५, मृत्यू: १४ मे, २०१५) हे अमेरिकन गिटारवादक, गायक आणि गीतकार होते. ब्लूज या संगीतप्रकारातील सर्वाधिक प्रभावी वादकांमध्ये त्यांची गणना होते. त्यांची वादनशैली कोणत्याही संगीतशाळेत घडली नाही. चर्चमधील प्रार्थना, नातेवाइकांच्या घरचा ग्रामोफोन, रस्त्याचा कोपरा आणि रेडिओ या ठिकाणी कानांवर पडलेल्या संगीतातून ती आकाराला आली.

जन्म आणि बालपण

किंग यांचा जन्म मिसिसिपी राज्यातील इटा बेना या गावाजवळच्या बर्क्लेअर येथे, कापसाच्या मळ्यावर राबणाऱ्या कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. त्या भागात जमीन गोऱ्या मालकांची असे. कुळे वाट्याने ती कसत आणि वर्षभराच्या उचलीमुळे बहुधा कर्जातच राहत. किंग लहान असतानाच त्यांचे आईवडील विभक्त झाले व आई त्यांना घेऊन किलमायकल परिसरात राहावयास गेली. ते नऊ वर्षांचे असताना आईचे, तर १९४० साली आजीचे निधन झाले. एल्कहॉर्न येथील एका खोलीच्या शाळेत ल्यूथर हेन्सन हे शिक्षक त्यांना लाभले. कृष्णवर्णीयांमधील कर्तबगार व्यक्तींची ओळख करून देणाऱ्या या शिक्षकाचा उल्लेख किंग पुढे नेहमी आदराने करीत. शेतातील कामामुळे त्यांचे शालेय शिक्षण मात्र अपुरे राहिले.

चर्च आणि ग्रामोफोन

किंग यांच्या मनावर पहिला सांगीतिक संस्कार चर्चचा झाला. तेथील धर्मोपदेशक आर्ची फेअर हे प्रवचनाला गिटारची साथ घेत. उपदेशकाने एक ओळ म्हणावी आणि भक्तसमुदायाने तिला उत्तर द्यावे, अशी तेथील गायनाची रीत होती. आपल्याकडील भजनात मुख्य गायकामागून झीलकरी ओळ उचलतात, त्याच्याशी ही रीत ताडून पाहता येईल. फेअर हे किंग यांच्या नात्यातले होते. ते घरी आले की गिटार पलंगावर ठेवीत आणि लहानगा रायली ती हाताळू लागे. गिटारवरील पहिले तीन कॉर्ड त्यांनीच त्याला शिकविले.

दुसरा संस्कार आईच्या मावशीच्या घरी झाला. मिमा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या आजीकडे किल्लीचा ग्रामोफोन होता. त्यावर ब्लाइंड लेमन जेफरसन आणि लॉनी जॉन्सन यांच्या ध्वनिमुद्रिका किंग यांनी वारंवार ऐकल्या. पहिल्याच्या गायनातील आर्तता आणि दुसऱ्याच्या एकेरी स्वरांच्या रेखीव वादनाचा ठसा त्यांच्यावर कायम राहिला.

वयाच्या बाराव्या वर्षाच्या सुमारास त्यांनी पहिली गिटार घेतली. तिची किंमत १५ डॉलर, म्हणजे त्यांचा सुमारे महिन्याचा पगार होता. मालकाने ही रक्कम पगारातून कापून घेण्याच्या बोलीवर दिली.

इंडियनोला ते मेम्फिस

१९४३च्या सुमारास किंग इंडियनोला येथे आले. दिवसा ते मळ्यावर ट्रॅक्टर चालवीत आणि एका गॉस्पेल गायकवृंदात गात. सुटीच्या दिवशी ते रस्त्याच्या कोपऱ्यावर गिटार घेऊन बसत. तेथे भक्तिगीत गायिले की लोक पाठ थोपटीत. ब्लूज गायिले की पैसे टाकीत. उपजीविकेसाठी ब्लूजकडे वळण्याचे कारण म्हणून किंग हा अनुभव सांगत. तरी चर्चमधील गायकी त्यांच्या आवाजातून कधी गेली नाही.

१९४६ साली ते टेनेसी राज्यातील मेम्फिस शहरी आपले नातलग, ब्लूज वादक बुका व्हाइट यांच्याकडे काही महिने राहिले. १९४८ साली ते पुन्हा मेम्फिसला आले आणि डब्ल्यूडीआयए या नभोवाणी केंद्रावर त्यांना काम मिळाले. कृष्णवर्णीय श्रोत्यांसाठी संपूर्ण कार्यक्रम प्रसारित करणारे हे अमेरिकेतील पहिले केंद्र होय. तेथे ते 'बील स्ट्रीट ब्लूज बॉय' म्हणून ओळखले जाऊ लागले. या नावाचे पुढे 'ब्लूज बॉय' आणि अखेर 'बी.बी.' असे रूप झाले. केंद्रावरील ध्वनिमुद्रिकांच्या संग्रहामुळे त्यांचे ऐकणे विस्तारले. टी-बोन वॉकर यांच्या वादनाने त्यांना विद्युत गिटारची ओढ लावली. जॅझ वादक चार्ली ख्रिश्चन आणि जँगो राइनहार्ट हेही त्यांचे आदर्श होते. राइनहार्ट यांच्या ध्वनिमुद्रिका फ्रान्समध्ये सैनिक म्हणून गेलेल्या एका मित्राने आणून दिल्या होत्या.

वादनशैली

बुका व्हाइट तारांवर नळी सरकवून गिटार वाजवीत, त्यामुळे एका स्वरातून दुसऱ्या स्वरात अखंड जाता येई. किंग यांना हे तंत्र साधले नाही. तो परिणाम साधण्यासाठी त्यांनी डाव्या हाताच्या बोटाने दाबलेली तार ओढण्यास आणि बोट वेगाने हलवून स्वर कंपित करण्यास सुरुवात केली. भारतीय संगीतातील मींड आणि आंदोलन यांच्याशी परिचित असलेल्या श्रोत्याला हा परिणाम ओळखीचा वाटेल. अनुकरण जमले नाही, त्यातूनच त्यांची ओळख निर्माण झाली.

कॉर्ड वाजविण्यात आपण कच्चे आहोत, असे ते मोकळेपणाने सांगत. गाताना ते बहुधा वाजवीत नसत. गायिलेली ओळ संपली की गिटार तिला उत्तर देई. चर्चमधील सवाल-जवाबाची रीत अशा प्रकारे एकाच कलावंताच्या गळ्यात आणि हातात आली. स्वरांची गर्दी टाळून मोजक्या स्वरांना वजन देणे हे त्यांच्या वादनाचे वैशिष्ट्य होते.

ल्युसिल

१९४९च्या हिवाळ्यात आर्कान्सा राज्यातील ट्विस्ट येथे कार्यक्रम चालू असताना दोन पुरुषांच्या मारामारीत रॉकेलचे पिंप लवंडून सभागृहाला आग लागली. बाहेर पडलेले किंग गिटार आणण्यासाठी पुन्हा जळत्या इमारतीत शिरले व थोडक्यात बचावले. भांडण ल्युसिल नावाच्या स्त्रीवरून झाल्याचे कळल्यावर त्यांनी गिटारला तेच नाव दिले. असा अविचार पुन्हा करू नये, याची ती आठवण होती. पुढील सर्व गिटारींनाही त्यांनी हेच नाव ठेवले.

उत्तरायुष्य आणि वारसा

'थ्री ओ'क्लॉक ब्लूज' या गीताने १९५२ साली त्यांना देशभर प्रसिद्धी दिली. १९५६ या एका वर्षात त्यांनी ३४२ कार्यक्रम केल्याची नोंद आहे. १९६९ साली प्रकाशित झालेले 'द थ्रिल इज गॉन' त्यांचे सर्वांत परिचित गीत ठरले. २००६ साली त्यांना 'प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम' हा सन्मान मिळाला.

प्रसिद्धीनंतरही किंग यांच्यातील श्रोता जागा राहिला. त्यांनी आयुष्यभर ध्वनिमुद्रिका जमविल्या आणि त्यांतील हजारो मिसिसिपी विद्यापीठाच्या ब्लूज संग्रहालयास दिल्या. ज्या ग्रामीण मुलाला एका ग्रामोफोनसाठी नातेवाइकांचे घर गाठावे लागे, त्याचा संग्रह आज अभ्यासकांना उपलब्ध आहे. लास व्हेगास येथे त्यांचे निधन झाले. इंडियनोला येथे २००८ साली सुरू झालेल्या त्यांच्या नावाच्या संग्रहालयाच्या आवारात त्यांचे दफन करण्यात आले.