फटफटी शिकताय? आधी डोके सांभाळा

आखाजी आली की जळगाव-धुळ्याच्या दुचाकींच्या दुकानांसमोर हार घातलेल्या नव्या गाड्यांची रांग लागते. नारळ फुटतो, पेढे वाटले जातात, हँडलला लिंबू-मिरची बांधली जाते. हेल्मेट मात्र घरी येऊन कपाटावर बसते. मग पुढच्या पंधरवड्यात खरचटलेले गुडघे, सुजलेली मनगटे आणि सायलेन्सरने भाजलेल्या पोटऱ्या दवाखान्यात येऊ लागतात. बहुतेकांची गाडी नवी असते आणि शिकणेही नवेच.

प्रथम वयाचे बोलू. गिअरच्या मोटारसायकलचा परवाना १८ वर्षे पूर्ण झाल्यावाचून मिळत नाही. पोऱ्या दहावी पास झाला म्हणून हौसेने गाडी घेऊन देणाऱ्या वडिलांनी २०१९ ची कायद्यातील दुरुस्ती ध्यानात घ्यावी. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला ३ वर्षांपर्यंत कैद व २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, शिवाय गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते. शिकाऊ परवाना ६ महिने चालतो आणि पक्क्या परवान्याची परीक्षा ३० दिवसांनंतरच देता येते. हे ३० दिवस शिकण्यासाठी आहेत, एजंटाच्या टेबलाभोवती फेऱ्या मारण्यासाठी नाहीत.

गाडीवर बसण्यापूर्वी डोळे तपासून घ्यावेत. लांबचे धूसर दिसत असूनही चष्मा खिशात ठेवणारे तरुण मी रोज पाहतो. संध्याकाळी समोरून येणाऱ्या दिव्यांनी डोळे दिपतात आणि कापसाने भरलेला, मागे दिवा नसलेला ट्रॅक्टर दहा पावलांवर आल्यावर दिसतो. फिट्स येणाऱ्याने हे डॉक्टरांपासून लपवू नये. सर्दीच्या साध्या गोळीनेही काहींना गुंगी येते, तेव्हा ती घेऊन गाडी चालवू नये. मधुमेहाची औषधे घेणाऱ्याने उपाशीपोटी लांब निघू नये.

शिकायला मोकळे मैदान बरे, तेही सकाळचे. मेहरूण तलावाकडे पहाटे फिरायला येणाऱ्या म्हाताऱ्या मंडळींमध्ये क्लच सोडण्याचा सराव करू नये, ही माझी विनंती आहे. पहिले दोन दिवस केवळ निघणे, थांबणे, वळणे एवढेच करावे. पुढचा ब्रेक दाबला की माणूस तोंडावर आपटतो, अशी समजूत आपल्याकडे घट्ट आहे. खरे म्हणजे ब्रेक लावताना गाडीचा भार पुढच्या चाकावर येतो, म्हणून थांबवण्याचे बरेचसे काम तेच चाक करते. दोन्ही ब्रेक एकत्र, झटका न देता, चाक सरळ असताना लावावेत. वळणावर किंवा डंपरमधून सांडलेल्या वाळूवर पुढचा ब्रेक करकचून दाबला, तर मात्र गाडी घसरतेच.

वेगाचा हिशेब करून पाहावा. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर पुढे जाते. समोर म्हैस आली हे डोळ्यांनी पाहून हात ब्रेकवर जाईपर्यंत एवढे अंतर संपलेले असते. धुळ्याला मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर असे दोन हमरस्ते एकमेकांना भेटतात. जळगावला तर पूर्वीचा ६ क्रमांकाचा, आताचा ५३ क्रमांकाचा महामार्ग भरवस्तीतूनच गेला आहे. पहिला महिना या रस्त्यांवर जाऊच नये.

आता डोक्याचे. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून प्रसिद्ध असलेला इंग्रज अधिकारी टी. ई. लॉरेन्स १९३५ साली मोटारसायकलवरून पडला आणि डोक्याच्या इजेने काही दिवसांत वारला. त्याला पाहणाऱ्या डॉक्टरांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यचिकित्सक होते. तो प्रसंग त्यांच्या मनातून गेला नाही. लष्करी संदेश नेणारे मोटारसायकलस्वार किती मरतात व कशाने मरतात, याचा त्यांनी अभ्यास केला आणि तो १९४१ साली प्रसिद्ध केला. त्याच वर्षी ब्रिटिश लष्कराने अशा स्वारांना हेल्मेट सक्तीचे केले. पुढच्या अनेक अभ्यासांचा निष्कर्ष असा, की हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४० टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा सुमारे ७० टक्क्यांनी कमी होतो. आपल्या देशात २०२२ साली रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे गेली. त्यांपैकी जवळपास ७५ हजार दुचाकीवरची होती आणि सुमारे ५० हजारांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हते.

"डॉक्टर, ४५ अंशांच्या उन्हात ते डबडे कोण घालणार?" हा प्रश्न ठरलेला. उकडते हे खरे. परंतु काच असलेले हेल्मेट गरम झळा आणि धूळ तोंडावर येऊ देत नाही. आयएसआय खुणेचे घ्यावे. आत पातळ सुती रुमाल चालेल, जाड उपरणे गुंडाळू नये, हेल्मेट सैल बसते. हनुवटीखालचा पट्टा लावला नाही, तर पडताना माणसाच्या आधी हेल्मेटच उडून जाते. एकदा जोराने आपटलेले हेल्मेट वरून धड दिसले तरी टाकून द्यावे. मागे बसणाऱ्या वहिनींनाही हेल्मेट हवे, आणि पदर-ओढणी चाकापासून आवरून घ्यावी.

काही वर्षांपूर्वी एकोणीस वर्षांचा एक मुलगा वाळूवर घसरून पडला. हेल्मेट आरशाला लटकवलेले होते. कानाच्या वर टेंगूळ आले, बाकी काही नाही. स्वतः उठला, मित्रांबरोबर चहा प्यायला, घरी जाऊन आडवा झाला. तीन तासांनी उलटी झाली. आईला त्याचे बोलणे जड वाटले, तिने शेजाऱ्याला हाक मारून त्याला माझ्याकडे आणले. एक बाहुली दुसरीपेक्षा मोठी झाली होती. तसाच पुढे पाठवला, रात्रीच शस्त्रक्रिया झाली, वाचला.

असे होण्याचे कारण समजून घ्यावे. कानशिलाजवळचे हाड पातळ असते व त्याच्या आतून एक रक्तवाहिनी जाते. हाडाला चीर पडली की ती फाटते आणि रक्त कवटीच्या आत साठत जाते. मेंदूवर दाब येईपर्यंत रुग्ण शहाण्यासारखा बोलतो, चालतो, हसतो. "काही झाले नाही" असे त्याने म्हणण्यावर जाऊ नये.

अपघातात सापडलेल्याला बसवून पाणी पाजू नये. मान न हलवता आडवे ठेवावे. श्वास नीट चालू असेल तर हेल्मेट ओढून काढू नये. १०८ ला फोन करावा. मदत करणाऱ्याला पोलीस नाव सांगण्याची सक्ती करू शकत नाहीत, हे २०१९ पासून कायद्यातच आहे, तेव्हा कटकटीच्या भीतीने निघून जाऊ नये. उलटी, फिट, कानातून रक्त वा पाणी, वाढती डोकेदुखी, गुंगी यांपैकी काहीही दिसले, किंवा क्षणभर शुद्ध हरपली असली, तर सी. टी. स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात तडक न्यावे. डॉक्टरांनी तपासून घरी पाठवले तरी पहिल्या रात्री कुणीतरी जवळ झोपावे. दर दोन तासांनी उठवून नाव-गाव विचारावे. उत्तर नीट आले नाही, तर सकाळची वाट पाहू नये.